शोधनिबंध-लेखनाचे अध्यापन : गोंदिया जिल्ह्यातील मराठीच्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

भाषा व साहित्याच्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत साहित्यकृती शिकविल्या जातात. वाङ्मयेतिहास, साहित्यशास्त्र आणि भाषाविज्ञान शिकविले जाते. मात्र या सर्वांविषयी विद्यार्थ्याने स्वतः, आधारासह आणि क्रमवार कसे लिहावे, याचे अध्यापन क्वचितच होते. पुष्कळ वाचले की लिहिता येईल, असे आपण गृहीत धरून चालतो. या गृहीतकामुळे राहणारी उणीव आजवर एम्.फिल्. च्या टप्प्यावर काही अंशी भरून निघत असे. विषय मर्यादित कसा करावा, टिपणे कशी काढावीत, तळटीप कशासाठी द्यावयाची, या गोष्टी प्रस्तुत लेखकाच्या पिढीतील अनेकांनी लघुशोधप्रबंध लिहितानाच प्रथम शिकल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी ही पदवी बंद झाली आणि शिकण्याचा तो टप्पाही संपला.

दुसरीकडे, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रातील संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून चार वर्षांच्या पदवीची रचना लागू झाली. आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प घेता येतो. त्याला १२ श्रेयांक आहेत आणि पुढे पीएच्.डी. प्रवेशाचा मार्गही त्यातून खुला होतो. २०२४ मध्ये प्रवेश घेतलेली तुकडी २०२७-२८ मध्ये या वर्षात येईल. याचा अर्थ असा की, जे कौशल्य पूर्वी पदव्युत्तर शिक्षणानंतर अपेक्षित होते, ते आता विशीच्या आतबाहेरच्या विद्यार्थ्याकडून अपेक्षिले जाणार आहे. ते त्याला कोण, केव्हा व कसे शिकविणार, हा प्रश्न म्हणूनच तातडीचा आहे.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा मध्यप्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवर आहे. येथील विद्यार्थ्यांच्या लेखनाविषयी ‘यांची मराठीच कच्ची आहे’ हा अभिप्राय सर्रास ऐकू येतो. तो अभिप्राय अपुरा असून खऱ्या दोषावरून आपले लक्ष दुसरीकडे वळवितो, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

उद्देश

१) मराठीतील ‘निबंध’ या संकल्पनेचा वर्गात झालेला अर्थसंकोच तपासणे.
२) परीक्षेतील उत्तर आणि शोधनिबंध यांतील भेद स्पष्ट करणे.
३) बहुभाषिक विद्यार्थ्याच्या लेखनातील दोषांचे स्वरूप वेगवेगळे करून पाहणे.
४) स्थानिक सामग्री व मराठी गद्याची परंपरा यांच्या आधारे अध्यापनाची दिशा सुचविणे.

विवेचनात आलेली विद्यार्थी-लेखनाची उदाहरणे विवेचनाच्या सोयीसाठी तयार केलेले नमुने आहेत. ती कोणा एका विद्यार्थ्याच्या वहीतील नाहीत.

१. ‘निबंध’ या संज्ञेचा अर्थसंकोच

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिचे ८४ अंक काढले. पहिल्याच निबंधात त्यांनी मराठी भाषेची तत्कालीन स्थिती हा विषय घेतला होता. चिपळूणकरांची मते आज आपल्याला मान्य असोत वा नसोत, त्यांच्या दृष्टीने निबंध म्हणजे एखादा वादविषय हाती घेऊन, प्रतिपक्ष मांडून, त्याचे खंडन करून आपला पक्ष सिद्ध करणे होते. आगरकरांनी ‘केसरी’त व १८८८ पासून ‘सुधारका’त जे लिहिले, तेही याच अर्थाने निबंध होते. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या खंडांना लिहिलेल्या विस्तृत प्रस्तावना म्हणजे तर अस्सल कागदपत्रांवर उभारलेले शोधनिबंधच होत.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर प्रभृतींनी लघुनिबंध लोकप्रिय केला. पुढे दुर्गा भागवत, इरावती कर्वे यांच्या लेखनातून ललित निबंधाला निराळी उंची लाभली. या घडामोडीने मराठी गद्य समृद्ध झाले, यात शंका नाही. परंतु शालेय अभ्यासक्रमाने यातून जे घेतले ते मुख्यतः शैलीचे बाह्यांग होते. पावसाळ्यातील एक दिवस, नदीचे आत्मवृत्त, मी मुख्याध्यापक झालो तर, अशा विषयांवर कल्पना आणि अलंकार यांची जुळणी करणे म्हणजे निबंध, ही समजूत दहावी-बारावीपर्यंत पक्की होते. सुभाषिताने आरंभ आणि काव्यपंक्तीने शेवट केला की गुण मिळतात, हेही विद्यार्थ्याला अनुभवाने कळलेले असते.

असा विद्यार्थी महाविद्यालयात येतो तेव्हा त्याच्या मनात ‘निबंध’ या शब्दाभोवती वाद, पुरावा, खंडन, निष्कर्ष यांपैकी काहीही नसते. त्याला ‘शोधनिबंध लिही’ असे सांगितले की तो प्रथम भाषा नटवू लागतो. विषयाला भिडण्यापूर्वी ‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ या धर्तीची दोन-तीन सर्वमान्य विधाने तो करतो. ही विधाने खोटी नसली तरी त्यांना कोणी विरोध करणार नाही आणि म्हणून त्यांना पुराव्याचीही गरज भासत नाही. ज्या विधानाला पुराव्याची गरज नाही, त्यावर शोधनिबंध उभा राहू शकत नाही.

२. परीक्षेचे उत्तर आणि शोधनिबंध

महाविद्यालयात विद्यार्थ्याला दुसरा एक नमुना मिळतो. तो म्हणजे परीक्षेतील दीर्घोत्तर. ‘व्यक्तिचित्रणाचे विशेष लिहा’, ‘सविस्तर चर्चा करा’, ‘टिपा लिहा’ या प्रश्नप्रकारांची उत्तरे मुद्द्यांच्या मथळ्यांसह गाईडमध्ये तयार असतात. कथानक, पात्रे, वातावरण, भाषाशैली, शीर्षकाची समर्पकता असा हा साचा कोणत्याही कादंबरीला लागू पडतो. कोणत्याही कादंबरीला लागू पडतो म्हणूनच त्यातून एखाद्या विशिष्ट कादंबरीविषयी फारच थोडे कळते.

दीर्घोत्तराचा गुण परिपूर्णता हा आहे. अपेक्षित मुद्द्यांपैकी एकही सुटू नये, ही त्याची कसोटी असते. शोधनिबंधाचा गुण निवड हा आहे. अनेक मुद्द्यांपैकी एकच हाती घेऊन त्याचा तळ गाठावा, ही त्याची अपेक्षा असते. दीर्घोत्तराचा वाचक म्हणजे परीक्षक. त्याला उत्तर आधीच ठाऊक असते आणि विद्यार्थ्याला ते ठाऊक आहे की नाही, एवढेच तो पाहतो. शोधनिबंधाच्या वाचकाला मात्र निष्कर्ष ठाऊक नसतो आणि तो पटवून द्यावा लागतो. तीन वर्षे केवळ पहिल्या प्रकारच्या वाचकासाठी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने चौथ्या वर्षी एकाएकी दुसऱ्या प्रकारच्या वाचकासाठी लिहावे, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येणार नाही.

संदर्भ देण्याच्या बाबतीतही हेच दिसते. उत्तरपत्रिकेत ‘एका समीक्षकाने म्हटल्याप्रमाणे’ एवढे चालते. समीक्षक कोण, ग्रंथ कोणता, पृष्ठ कोणते, हे कोणी विचारीत नाही. पुढे लघुशोधप्रबंधाच्या वेळी तळटीप, ‘तत्रैव’, ‘उ. नि.’ या गोष्टी त्याच्यासमोर मांडणीचे नियम म्हणून येतात. त्यामुळे त्या टंकलेखकावर सोपवावयाच्या बाबी आहेत, असे त्याला वाटते. अमुक विधान माझे, अमुक दुसऱ्याचे, आणि त्या दुसऱ्याशी मी सहमत आहे किंवा नाही, हा हिशेब तळटीप ठेवीत असते. त्या हिशेबाची गरजच जेथे निर्माण झालेली नाही, तेथे तळटिपेचे स्वल्पविराम शिकवून काहीही साध्य होत नाही.

३. भाषिक परिस्थिती आणि दोषांचे प्रकार

गोंदिया जिल्ह्यातील मराठीच्या विद्यार्थ्याची घरची भाषा प्रमाण मराठी असेलच असे नाही. तो घरी झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, लोधी किंवा हिंदी बोलत असतो. बाजारात हिंदी, वर्गात मराठी आणि स्पर्धापरीक्षेसाठी इंग्रजी असा त्याचा नित्य व्यवहार असतो. त्याच्या लेखनातील दोष म्हणून जे दाखविले जातात, ते एकाच जातीचे नसतात. त्यांचे किमान तीन प्रकार करावे लागतील.

पहिला प्रकार उच्चारानुसारी लेखनाचा. झाडीबोलीत ‘ण’ ऐवजी ‘न’ आणि ‘ळ’ ऐवजी ‘र’ उच्चारला जातो. पाणी हे ‘पानी’ होते आणि डोळा हा ‘डोरा’ होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीचा जो अभ्यास केला, त्यामुळे ही अशुद्धता नसून बोलीची व्यवस्था आहे, हे आता सांगण्याची गरज उरू नये. या विद्यार्थ्याला ‘ण’ कोठे लिहावयाचा हे कानाने कळत नाही. ते त्याला डोळ्याने, म्हणजे वाचनाने शिकावे लागते. त्यामुळेच कधी कधी तो अतिदक्षतेने ‘अनुभव’ या शब्दातही ‘ण’ घालतो.

दुसरा प्रकार हिंदीच्या प्रभावाचा. हिंदीत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. त्यामुळे ‘माझी पुस्तक’ किंवा ‘त्याची आत्मा’ असे प्रयोग होतात. काही शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण अर्थ वेगळे आहेत. ‘स्त्रीशिक्षा’ असे विद्यार्थी लिहितो तेव्हा त्याला शिक्षण अभिप्रेत असते आणि मराठी वाचकाला दंड ऐकू येतो. ‘चेष्टा’, ‘संसार’, ‘आपत्ती’ या शब्दांचेही असेच आहे. वाक्यरचनेतही ‘स्त्रीजीवनाला घेऊन कवयित्रीने चिंता व्यक्त केली आहे’ असे वाक्य येते. हे दोष गंभीर आहेत, कारण त्यांनी अर्थाचा अनर्थ होतो. परंतु ते मोजके आहेत, त्यांची यादी करता येते आणि दोन्ही भाषा समोरासमोर ठेवून ते शिकविता येतात.

तिसरा प्रकार विचाराच्या मांडणीतील दोषांचा. विधान आणि पुरावा यांत संबंध नसणे, एका उदाहरणावरून सार्वत्रिक निष्कर्ष काढणे, दुसऱ्याचे मत व स्वतःचे मत यांची सरमिसळ होणे, प्रतिकूल पुराव्याची दखल न घेणे, हे दोष या प्रकारात येतात. त्यांचा बोलीशी काहीही संबंध नाही. प्रमाण मराठी घरात बोलणाऱ्या पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याच्या लेखनातही ते असतात, कारण तोही त्याच परीक्षापद्धतीतून आलेला असतो.

आपली लाल शाई मात्र बहुतांशी पहिल्या प्रकारावर खर्च होते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ व १९७२ मधील शुद्धलेखनाचे नियम आपल्या हाताशी आहेत. त्यांच्या आधारे चूक दाखविणे सोपे आणि निर्विवाद असते. तिसऱ्या प्रकारच्या दोषासाठी मात्र समासात दोन ओळी लिहाव्या लागतात. परिणाम काय होतो, हे दोन नमुन्यांवरून पाहता येईल. विषय लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधील विनोद हा आहे.

पहिला नमुना : “‘स्मृतिचित्रे’ हे मराठी आत्मचरित्रात्मक वाङ्मयाचे अक्षय लेणे होय. लक्ष्मीबाईंचा विनोद निर्मळ, प्रसन्न आणि खळाळत्या निर्झरासारखा आहे. त्यांच्या विनोदाने वाचक अंतर्मुख होतो.”

दुसरा नमुना : “लक्ष्मीबाई वडीलांच्या सोवळ्याला घेऊन हसते, पन रागवत नाही. लहानपनी तिला बोलता येत नव्हते. मनून मोठी झाल्यावर ती हसून बोलली. हा विनोद म्हनजे उशीरा दिलेले उत्तर आहे.”

पहिल्या नमुन्यात एकही लेखनदोष नाही. पण त्यातील ग्रंथाचे व लेखिकेचे नाव काढून दुसरे घातले तरी परिच्छेद तसाच राहील. दुसऱ्या नमुन्यात सहा-सात चुका आहेत. तथापि त्यात एक विधान आहे. ते वादग्रस्त आहे आणि ग्रंथातील वडिलांविषयीचे प्रसंग पुन्हा वाचून तपासता येण्याजोगे आहे. लक्ष्मीबाई खरोखरच कोठेही रागावत नाहीत काय, हा पुढचा प्रश्न त्यातून लगेच उद्भवतो. शोधनिबंधाचे बीज दुसऱ्या नमुन्यात आहे. आपल्या प्रचलित तपासणीत पहिल्याला अधिक गुण मिळतात. दुसऱ्याची वही लाल रेघांनी भरते आणि असे विधान पुन्हा करावयाचे नाही, एवढेच तो विद्यार्थी त्यातून शिकतो. येथील विद्यार्थ्याचे खरे नुकसान होते ते या ठिकाणी.

यावर एक आक्षेप संभवतो. आधी भाषा शुद्ध व्हावी, मग विचार मांडावा, हाच क्रम योग्य नव्हे काय? आक्षेप अगदीच निराधार नाही. छापील शोधनिबंधात ‘पन’ आणि ‘मनून’ चालणार नाहीत आणि ते चालवून घेणे ही विद्यार्थ्याची फसवणूक ठरेल. प्रश्न क्रमाचा आहे. ज्याला काही सांगावयाचे आहे, तो ते नेमके पोचावे म्हणून भाषा दुरुस्त करण्याचे कष्ट घेतो. ज्याला काहीच सांगावयाचे नाही, त्याची शुद्ध भाषा उसनी असण्याचाच संभव अधिक.

४. एक स्थानिक उदाहरण : भवभूती आणि पद्मपूर

विधान, पुरावा आणि निष्कर्ष यांचे नाते वर्गात समजावून देण्यासाठी दूरच्या उदाहरणाची आवश्यकता नाही. आमगावजवळील पद्मपूर, म्हणजे बोलीतील पदमपूर, हे संस्कृत नाटककार भवभूतीचे जन्मस्थान म्हणून जिल्ह्यात सर्वांना परिचित आहे. या एकाच विषयावर तीन पायऱ्यांनी लिहिता येते.

पहिली पायरी : ‘भवभूतीचा जन्म पद्मपूर येथे झाला, ही आपल्या जिल्ह्याला अभिमानास्पद बाब आहे.’ हे स्मरणिकेतील वाक्य झाले. त्यात माहिती व भावना आहे, पण आधार नाही.

दुसरी पायरी : ‘महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मते भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळील पद्मपूर होय.’ येथे मत कोणाचे, हे कळले. परंतु मिराशी थोर विद्वान होते म्हणून ते खरे, असा ध्वनी यात राहतो.

तिसरी पायरी मिराशींनी तसे का म्हटले, हे उलगडण्याची. भवभूती आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत आपल्या घराण्याचे गाव म्हणून पद्मपुराचा उल्लेख करतो. हा झाला साहित्यातील पुरावा. छत्तीसगडमध्ये सापडलेला वाकाटकांचा एक अपूर्ण ताम्रपट पद्मपुराहून दिलेला आहे. म्हणजे या भूभागात त्या नावाचे महत्त्वाचे स्थान होते, असा कोरीव लेखाचा पुरावा मिळतो. आजचे ग्रामनाम आणि परिसरातील प्राचीन अवशेष हा तिसरा पुरावा. हे तीन धागे एकत्र आले की अनुमान बळकट होते.

खरे शिक्षण मात्र यापुढे सुरू होते. ताम्रपट वाकाटकांचा, म्हणजे पाचव्या शतकाच्या सुमाराचा. भवभूती आठव्या शतकाच्या आसपासचा. मधल्या काळाचे काय? पद्मपूर हे ग्रामनाम भारतात एकाहून अधिक ठिकाणी आढळते. ताम्रपटातील पद्मपूर आणि नाटकातील पद्मपूर एकच, हे पहिल्या दोन पुराव्यांतून सिद्ध होते की त्यासाठी तिसऱ्याची जोड घ्यावी लागते? पुरावा कोठे संपतो आणि अनुमान कोठे सुरू होते? हे प्रश्न विचारल्याने मिराशींचा अनादर होत नाही. ज्या पद्धतीने त्यांनी आपला निष्कर्ष मिळविला, तीच पद्धत विद्यार्थी त्यांच्यावर वापरून पाहत असतो. ‘झाला’ या क्रियापदाऐवजी ‘झाला असावा’ असे विद्यार्थी समजून-उमजून लिहितो, त्या दिवशी त्याने शोधनिबंधाचे व्याकरण आत्मसात केले, असे म्हणता येईल.

५. परंपरेतील आधार

शैक्षणिक निबंधाची शिस्त ही पाश्चात्त्य विद्यापीठांकडून आलेली असून आपल्या विद्यार्थ्यांना ती परकी वाटणारच, असाही एक समज आहे. तळटिपांचे आजचे संकेत बाहेरून आले, हे मान्य करावे लागेल. परंतु त्यामागील वृत्ती मराठी गद्याला नवी नाही. आद्य मराठी गद्याशी जिचे नाव निगडित आहे, ती रिद्धपूरची भूमी विदर्भातच आहे आणि त्या गद्यात ही वृत्ती स्पष्ट दिसते.

केसोबासांनी संकलित केलेल्या ‘दृष्टान्तपाठा’त ११४ दृष्टान्त आहेत. त्यांची रचना सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी त्रिपदरी आहे. सूत्रात सिद्धान्त येतो, दृष्टान्तात उदाहरण येते आणि ते उदाहरण सिद्धान्ताला कसे लागू पडते, हे दार्ष्टान्तिकात उलगडले जाते. विद्यार्थ्यांच्या लेखनात पहिले दोन घटक असतात. ते विधान करतात आणि खाली उतारा देतात. तिसरा घटक, म्हणजे उताऱ्याने विधान कसे सिद्ध झाले हे सांगणारी चार वाक्ये, नेमकी गळते. ‘दार्ष्टान्तिक कोठे आहे?’ हा एकच प्रश्न समासात लिहिला, तरी मराठीच्या विद्यार्थ्याला आपली उणीव आपल्याच परंपरेतील परिभाषेत कळते.

दुसरे उदाहरण ‘लीळाचरित्रा’चे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या, असे महानुभाव परंपरा सांगते. पुढे पाठभेद निर्माण झाले तेव्हा कोणता पाठ कोणाचा, हे नावानिशी नोंदविण्याची रीत पंथाने सांभाळली. सांगणाऱ्याचे नाव विधानाला जोडून ठेवणे, ही त्या संकलकांच्या दृष्टीने श्रद्धेचीच बाब होती. या ग्रंथाच्या हस्तलिखितांवर दीर्घकाळ परिश्रम करून डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये त्याची संपादित आवृत्ती सिद्ध केली. ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही होते. विदर्भातील विद्यार्थ्याला संशोधनाच्या शिस्तीचा वारसा सांगण्यासाठी यापेक्षा जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही.

या तुलनेला मर्यादा आहेत, हे नमूद केले पाहिजे. ‘दृष्टान्तपाठा’तील सूत्र हे श्रद्धेय वचन आहे. दृष्टान्त ते समजावून देतो. ते खोटे ठरवू शकत नाही. शोधनिबंधातील विधान मात्र पुराव्यापुढे बदलावे लागते. हा भेद विद्यार्थ्यांना सांगितला, तर त्यातूनही शोधनिबंधाचे वेगळेपण अधिक ठळक होईल.

६. वाङ्मयचौर्य, तंत्रज्ञान आणि मूल्यमापन

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यास आळा घालणारे विनियम केले. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आणि त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० व ६० टक्क्यांहून अधिक असे तीन स्तर त्यांत आहेत. या विनियमांची आवश्यकता नाकारता येणार नाही. मराठीच्या बाबतीत मात्र त्यांचा उपयोग मर्यादित ठरतो. आपल्या विद्यार्थ्यांची नक्कल बहुधा छापील गाईडवरून किंवा जुन्या प्रबंधांवरून होते आणि ते साहित्य महाजालावर असतेच असे नाही. शिवाय कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचात टंकित केलेला मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय मराठी म्हणून ओळखलाच जात नाही. अशा वेळी येणारी अल्प टक्केवारी प्रामाणिकपणाची निदर्शक मानता येत नाही.

त्यातच आता संगणकाला विषय सांगितला की सुबक मराठी परिच्छेद तयार होऊन मिळतात. वर दिलेला पहिला नमुना अशा परिच्छेदांहून फारसा वेगळा नाही. तो कोठूनही नकललेला नसल्यामुळे साम्याच्या तपासणीत सापडणारही नाही. नीटनेटकी भाषा ही विद्यार्थ्याच्या अभ्यासाची खूण आहे, ही आपली जुनी कसोटी यामुळे निकालात निघाली आहे. यावर पहारा वाढविणे हा उपाय नव्हे; कारण पहाऱ्याच्या साधनांपुढे पळवाटांची साधने नेहमीच एक पाऊल पुढे राहतील. ज्या कामाचे उत्तर गाईडमध्ये किंवा यंत्रात तयार नाही, असे काम देणे आणि त्याविषयी विद्यार्थ्याशी समोरासमोर बोलणे, हाच मार्ग उरतो.

७. अध्यापनाची दिशा

या दृष्टीने काही गोष्टी वर्गाच्या पातळीवर, अभ्यासक्रम बदलण्याची वाट न पाहता करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट विषयासंबंधी. ‘ग्रामीण साहित्यातील स्त्रीचित्रण’ यासारखे अवाढव्य विषय टाळून विद्यार्थ्याला जे इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे, तेथून आरंभ करावा. धानशेतीतील बांधी, बोडी, मामा तलाव (म्हणजे माजी मालगुजारी तलाव) यांची गावागणिक नावे. पोवारी लग्नगीतांतील नात्यांचे शब्द. दंडार किंवा झाडीपट्टी रंगभूमीवरील एखाद्या प्रयोगाची भाषा. एकाच कुटुंबात तीन पिढ्यांनी वापरलेले भिन्न शब्द, हे विषय लहान वाटतात. पण त्यांत विद्यार्थी स्वतः पुरावा गोळा करतो. कोणी सांगितले, कोठे, केव्हा, ही नोंद त्याला करावीच लागते आणि तळटिपेची गरज आपोआप निर्माण होते. ज्या बोलीमुळे त्याला वर्गात ओशाळे व्हावे लागते, तीच त्याची साधनसामग्री बनते.

दुसरी गोष्ट आकारासंबंधी. साठ-सत्तर पानांचा प्रकल्प लिहिण्यापूर्वी प्रत्येक सत्रात आठशे शब्दांचा एक निबंध लिहून घ्यावा. त्याच्या आरंभी ‘माझे म्हणणे असे आहे की’ या शब्दांनी सुरू होणारे एक वाक्य अनिवार्य करावे. अंतिम खर्ड्यात हे शब्द गाळता येतील. परंतु ते लिहिताना विद्यार्थ्याला काही म्हणावे लागते.

तिसरी गोष्ट तपासणीसंबंधी. पहिल्या खर्ड्यात शुद्धलेखनाची एकही चूक दाखवू नये. केवळ विधान, पुरावा व दार्ष्टान्तिक यांविषयी दोन-तीन प्रश्न विचारावेत. दुसऱ्या खर्ड्यात हिंदीच्या प्रभावाचे दोष आणि तिसऱ्या वेळी लेखननियम पाहावेत. तिसऱ्या फेरीत विद्यार्थ्यांनी परस्परांच्या वह्या तपासल्या तरी चालते. शेवटी पाच मिनिटांची तोंडी चर्चा असावी.

या सूचनांवर सर्वांत मोठा आक्षेप व्यावहारिक आहे. अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त पदे, तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवरचा भार, पदवीच्या आवश्यक भाषेच्या वर्गातील मोठी संख्या, हे वास्तव कोणालाही नाकारता येणार नाही. शंभर विद्यार्थ्यांचे तीन-तीन खर्डे तपासणे अशक्यच आहे. म्हणून ही पद्धत प्रथम मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेणाऱ्या लहान वर्गापुरती राबवावी. आवश्यक भाषेच्या वर्गात केवळ ‘एक विधान, एक पुरावा, एक दार्ष्टान्तिक’ असा एका परिच्छेदाचा स्वाध्याय पुरेसा आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आपण देतोच. ते कशासाठी द्यावयाचे, एवढे ठरविणे आपल्या हाती आहे.

निष्कर्ष

१) मराठीत निबंध हा मुळात वादपर व प्रतिपादनपर प्रकार होता. शालेय अध्यापनाने तो अलंकरणापुरता संकुचित केला.
२) परीक्षेतील दीर्घोत्तर हे शोधनिबंधाची पूर्वतयारी ठरत नाही. दोहोंचे वाचक व कसोट्या भिन्न आहेत.
३) गोंदिया जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या लेखनातील बोलीजन्य व हिंदीप्रभावित दोष मर्यादित आणि शिकवून दूर होणारे आहेत. मांडणीचे दोष बोलीतून आलेले नसून परीक्षापद्धतीतून आले आहेत.
४) विधानाला पुरावा आणि सांगणाऱ्याचे नाव जोडण्याची वृत्ती मराठी गद्याच्या आरंभकाळापासून दिसते. तिचा अध्यापनात उपयोग करता येतो.
५) स्थानिक सामग्रीवर आधारित लहान निबंध आणि टप्प्याटप्प्याने केलेली तपासणी हा नकलेवरील अधिक भरवशाचा उपाय आहे.

समारोप

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्त प्राचीन ग्रंथांच्या संशोधनाविषयी पुष्कळ बोलले गेले. ते संशोधन पुढे कोणी करावयाचे, याचे उत्तर आजच्या पदवीच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांकडे आहे. त्यांच्यापैकी एखादी विद्यार्थिनी सालेकसा किंवा देवरीहून बसने येत असेल, घरी गोंडी बोलत असेल आणि ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा लिहीत असेल. तिच्या वहीतील एखाद्या वाक्यात यापूर्वी कोणी न केलेले निरीक्षण असू शकते. ते वाक्य वाचून त्याखाली ‘हे कशावरून?’ असा प्रश्न लिहिणे, हे भाषेच्या अध्यापकाचे पहिले काम आहे. ‘न’ चा ‘ण’ त्यानंतर करता येईल.